दिसणाऱ्या कामाला सल्ले फार

चित्रकला बरी असेल तर वेब डिझाइन, म्हणजे साइटचं पान कसं असावं ते ठरवणं; गणित बरं असेल तर वेब डेव्हलपमेंट, म्हणजे कोड लिहून ते चालतं करणं. ही वाटणी कोणी केली ठाऊक नाही, पण निकालाचे दिवस आले की ओळखीतल्या पालकांचे फोन येतात आणि तीच पुन्हा ऐकू येते. मुलीला इंटरमीजिएटला ए ग्रेड आहे, तुझ्यासारखं डिझाइनला घालू का? मुलगा घरातली सगळी यंत्रं खोलून बसतो, त्याला कोडिंग जमेल ना?

मी दोन्ही कामं पगार घेऊन केली आहेत. आधी डिझाइन, मग फ्रंटएंड डेव्हलपमेंट, म्हणजे साइटच्या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या भागाचा कोड, आणि आता फ्रीलान्समध्ये गिऱ्हाईक जे मागेल ते. सुंदर अक्षराचा वकिलीशी जितका संबंध, तितकाच चित्रकलेचा वेब डिझाइनशी. असलं तर वाईट नाही, एवढंच. आणि गणिताचं म्हणाल तर फ्रंटएंडमध्ये मला आजवर टक्केवारी, भागाकाराची बाकी आणि क्वचित थोडी भूमिती यापलीकडे फारसं काही लागलेलं नाही.

खरा फरक मला भलतीकडेच दिसतो. डिझायनरचं काम डोळ्यांना दिसतं, त्यामुळे त्यावर बोलायचा आपल्याला हक्क आहे असं प्रत्येकाला वाटतं. डेव्हलपरचं काम दिसत नाही. त्यात कोणी नाक खुपसत नाही आणि बंद पडेपर्यंत कोणी विचारतही नाही. पगार, मीटिंगा, मुलाखती, डोक्याचा ताप, हे सगळं बऱ्याच अंशी तिथूनच फुटतं.

मी २००९ मध्ये कोल्हापुरातून अप्लाइड आर्ट करून पुण्यात आले तेव्हा हा फरक नव्हताच. टिळक रोडच्या आतल्या गल्लीत एका छोट्या स्टुडिओत सात हजारांवर 'वेब डिझायनर' म्हणून लागले. काम काय, तर फोटोशॉपमध्ये पान काढायचं, त्याचे स्लाइस करायचे, ड्रीमविव्हर या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये रकान्यांचे तक्ते मांडून ते तुकडे पुन्हा जोडायचे आणि मग इंटरनेट एक्सप्लोरर ६ या जुन्या, लहरी ब्राउझरमध्ये उघडून कपाळाला हात लावायचा. साइट उघडताच आधी फ्लॅश या सॉफ्टवेअरमधली हलती चित्रं, म्हणजे फ्लॅशची इंट्रो, हवी हा गिऱ्हाइकांचा तेव्हाचा लाडका हट्ट, आणि त्या इंट्रोवर 'स्किप इंट्रो' हे बटण आम्हीच लावायचो! फ्लॅश २०२० च्या शेवटी अधिकृतपणे बंद झालं. मला काडीचं वाईट वाटलं नाही.

कामाची फाळणी झाली ती फोनमुळे. मे २०१० मध्ये ईथन मार्कोट या वेब डिझायनरने 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' ही कल्पना मांडणारा लेख लिहिला. एकच पान पडद्याच्या रुंदीप्रमाणे स्वतःला बदलून घेईल, असं त्यात म्हटलं होतं. पुढच्याच वर्षी अशा पानांचा तयार सांगाडा देणारं बूटस्ट्रॅप आलं, २०१३ मध्ये फेसबुकने पानाचे भाग कोडमध्ये बांधायचं आपलं साधन रिअ‍ॅक्ट सगळ्यांसाठी खुलं केलं, आणि पान 'काढण्याचं' काम व पान 'चालवण्याचं' काम एका माणसाच्या आवाक्यात राहिलं नाही. नंतर फिग्मा हे डिझाइन काढायचं साधन आलं आणि डिझायनरची फाइलही ब्राउझरमध्येच गेली. मग कोणीही उठावं, लिंक उघडावी आणि तिच्यावर कॉमेंट टाकावी. सल्ल्यांची सोय झाली.

डिझाइनच्या कामात दिवस कसा जातो ते एका पतसंस्थेच्या साइटवरून सांगते. संचालक मंडळाची पहिली मागणी अशी की मुखपृष्ठावर सर्व संचालकांचे फोटो हवेत, ज्येष्ठतेनुसार. महाराष्ट्रात ज्याने सहकाराचं काम केलंय त्याला ही मागणी काय वजनाची असते ते माहीत आहे. नाही म्हणायची सोय नाही, आणि हो म्हटलं तर फोनवर पहिले तीन पडदे नुसते फेटे आणि जाकिटं. मी फिग्मा उघडलंच नाही. शाखेत जाऊन काउंटरवरच्या ताईंशेजारी बसले आणि लोक फोन करून काय विचारतात ते लिहून घेत गेले. ठेवीचा व्याजदर किती, सोनेतारणाला कागद काय लागतात, दुपारी शाखा किती वाजता बंद असते. एवढंच, पुन्हा पुन्हा. संचालकांचं नाव कोणी काढलं नाही.

तो कागद चेअरमनसाहेबांपुढे ठेवला. म्हटलं, साहेब, ही उत्तरं पहिल्या पडद्यावर दिली तर ताईंचा फोन मोकळा राहील. त्यांनी कागद दोनदा वाचला. मग फोटोंना 'संचालक मंडळ' असं स्वतंत्र पान मिळालं, ज्येष्ठतेचा क्रम जसाच्या तसा, आणि अध्यक्षांचा फोटो एक माप मोठा. मुखपृष्ठावर व्याजदराचा तक्ता आला. डिझाइन म्हणतात ते हे. रंग कुठला घ्यायचा ते अगदी शेवटी ठरलं, आणि त्यावर मात्र सगळ्यात जास्त चर्चा झाली, कारण रंगावर सगळ्यांना बोलता येतं.

डिझायनरच्या हातात आकडे फार कमी असतात, म्हणून जे असतात ते जपून ठेवावेत. फिकट करड्या रंगातली अक्षरं 'रिच' दिसतात असं अनेकांना वाटतं. त्यावर वाद घालून उपयोग नसतो. पण वेबच्या सुलभतेचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत त्यांच्या नेहमी पाळल्या जाणाऱ्या पातळीनुसार साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ-गडदपणातला फरक, किमान ४.५ ला १ हवा, मोठ्या अक्षरांना ३ ला १ चालतो. वेबवर प्रत्येक रंगाला एक सांकेतिक क्रमांक असतो; पांढऱ्यावर ७६७६७६ हा करडा जेमतेम पास होतो. ९९९९९९ हा साफ नापास, तीनच्याही खाली. मी मीटिंगमध्ये तपासणीचं साधन उघडते, दोन्ही रंग टाकते आणि गप्प बसते. पतसंस्थेचे बरेच सभासद साठीच्या पुढचे असतात हे वेगळं सांगावं लागत नाही.

मग मी टेबलाच्या पलीकडे, डेव्हलपमेंटला गेले. तेव्हा स्वतःचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका प्रॉडक्ट कंपनीत डिझाइनला होते, फ्रंटएंडची एक जागा रिकामी झाली, आणि जावास्क्रिप्ट ही ब्राउझरमध्ये चालणारी कोडची भाषा मला बऱ्यापैकी येत होती. माझं टेबल फक्त एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीपाशी सरकलं आणि पगार वाढला. डिझाइनमधला अनुभव कितीतरी वर्षांचा, डेव्हलपमेंटमधला कागदोपत्री शून्य, तरी वाढला. या एका गोष्टीवरून बाजार कोणाला काय भाव देतो ते कळतं.

तिथे पहिल्यांदा दुसऱ्याचं डिझाइन कोडमध्ये उतरवायला माझ्याकडे आलं. शेतीकर्जाचं अ‍ॅप होतं, मराठीतून. डिझायनर मुलगी हुशार, पण तिला मराठी येत नव्हतं. फाइल इंग्रजीत काढलेली आणि देखणी. मी ती इमानेइतबारे जशीच्या तशी उतरवली, मजकूर मराठी घातला आणि पान उघडलं. शीर्षकांना तिने अक्षरांमध्ये थोडं अंतर दिलं होतं, इंग्रजीत ते मोकळं आणि छान दिसतं. देवनागरीत शिरोरेषाच तुटली, प्रत्येक अक्षर आपापली रेघ डोक्यावर घेऊन वेगळं उभं. ओळींची उंची १.१ ठेवलेली, त्यामुळे 'पुनर्गठन' शब्दाचा वरचा रफार कापला गेला आणि खालचा उकार पुढच्या ओळीत घुसला. बटणावर 'अप्लाय' पुरतं माप, तिथे 'अर्ज दाखल करा' दोन ओळींत मोडलं. आणि ल व श हिंदी वळणाचे. आपला पाकळीचा ल आणि देठाचा श कुठे गेला, हे परीक्षण करणाऱ्या सरकारी खात्यातल्या बाईंनी पहिल्या मिनिटाला विचारलं असतं.

दुरुस्ती फार नव्हती. अक्षरांमधलं अंतर शून्य, ओळीची उंची १.५ च्या आसपास, बटणाची रुंदी मजकुरावर सोडलेली. एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानाची मांडणी ज्यात लिहितात त्या कोडमध्ये, पानाची भाषा मराठी आहे असं लिहायचं आणि ज्या फाँटमध्ये मराठी वळणं दिलेली आहेत असा फाँट घ्यायचा. मग भाषा पाहून ब्राउझर स्वतःच योग्य ल आणि श उचलतो. गूगल फाँट्सवर आता देवनागरीचे चांगले फाँट फुकट आहेत, मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्त' त्यातलाच. मात्र निवडण्यापूर्वी 'शाळा' आणि 'लिंबू' टाइप करून बघायचं. मी दोन्ही पडद्यांचे फोटो शेजारी शेजारी लावून त्या मुलीला पाठवले. तिने त्याच संध्याकाळी फाइल बदलली आणि पुढच्या प्रत्येक कामात आधी मराठी मजकूर मागून घेतला.

या सगळ्यातला एकही मुद्दा कोणाच्या जॉब डिस्क्रिप्शनमध्ये नव्हता. डिझायनरच्या नाही, डेव्हलपरच्या नाही. भारतीय भाषांमधल्या वेबवर असं कोणाचंच नसलेलं काम ढीगभर पडलंय, आणि ते ज्याला दिसतं त्याची नोकरी सहसा टिकते. डेव्हलपर म्हणून मला आवडलेली एक बारीकशी गंमतही इथलीच. जावास्क्रिप्टला आकडा दिला आणि 'भारतातली मराठी' असं सांगितलं, की ते आपणहून १,२५,००० असं लिहून देतं, देवनागरी अंक आणि लाखाच्या जागी स्वल्पविराम. कोणीतरी कुठेतरी बसून हे करून ठेवलंय आणि त्याचं नाव कोणाला माहीत नाही. डेव्हलपमेंट हा पेशाच तसा आहे.

न दिसणाऱ्या कामाचा दुसरा नमुना एका डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटच्या पानाचा. आमच्या सगळ्यांच्या मशीनवर सुरळीत, अँड्रॉइडवर सुरळीत, आणि आयफोनवर तारखेच्या जागी 'इनव्हॅलिड डेट'. तक्रार आली रात्री. ऑफिसात कोणाकडे आयफोन नव्हता, शेजारच्या काकांचा मागून आणला. सर्व्हरकडून तारीख आणि वेळ येत होती, मध्ये एक मोकळी जागा सोडून. क्रोम ते समजून घ्यायचा. आयफोनचा त्या काळचा सफारी ब्राउझर म्हणायचा, प्रमाण पद्धतीप्रमाणे मध्ये 'टी' हे अक्षर हवं, नाहीतर मी वाचणार नाही. मोकळ्या जागेच्या ठिकाणी 'टी' घातला, काम संपलं. शोधायला मध्यरात्र, दुरुस्तीला एक ओळ. सकाळी मॅनेजरने विचारलं, चालतंय ना? म्हटलं, चालतंय. विषय संपला. ना मीटिंग, ना कौतुक, ना कोणाच्या सुनेला आवडलेला जांभळा रंग.

मला त्या रात्री फार मजा आली होती. माझ्या एका मैत्रिणीला, ती माझ्यापेक्षा कितीतरी सरस डिझायनर आहे, हे ऐकूनच अंगावर काटा आला. ती म्हणाली, माणूस कितीही आडमुठा असला तरी मी त्याच्याशी बोलू शकते, मशीनशी काय बोलू? मी म्हटलं, मशीन निदान मत तरी बदलत नाही.

आता पैशाचं बोलते, कारण फोन करणाऱ्या पालकांना शेवटी तेच विचारायचं असतं. जागा डेव्हलपमेंटमध्ये कितीतरी जास्त. आमच्या टीममध्ये सात-आठ डेव्हलपरमागे एक डिझायनर असायचा, आणि छोट्या कंपन्यांत तो एकही नसतो. हिंजवडीच्या मोठ्या सर्व्हिस कंपन्या, म्हणजे दुसऱ्यांसाठी सॉफ्टवेअर करून देणाऱ्या, इंजिनिअरिंग कॉलेजांमधून डेव्हलपर घाऊक उचलतात, डिझायनर एकेक करून. डेव्हलपरच्या पायऱ्याही ठरलेल्या असतात. ज्युनिअर, सीनिअर, लीड, आर्किटेक्ट, आणि नोकरी बदलली की पगार उडी घेतो. डिझायनरची शिडी लवकर संपते आणि पुढे 'माणसं सांभाळा' असं सांगण्यात येतं. मात्र मीटिंगमध्ये बोलायची भीती नसलेला डिझायनर, काय बनवायचं हे ठरवणाऱ्या टेबलावर डेव्हलपरच्या कितीतरी आधी जाऊन बसतो. काय बनवायचं हे ठरून गेल्यावर ज्याला कळतं, तो डेव्हलपर. यातला कुठला अपमान पचेल ते ज्याचं त्याने बघावं.

फ्रंटएंडवाल्यांची अवस्था वेगळीच. डिझायनर म्हणतात तू आता कोडवाली झालीस, आणि बॅकएंडवाले, म्हणजे सर्व्हरचा कोड लिहिणारे, म्हणतात तुमचं काय, रंग भरायचं काम. माझ्या मते सध्या सगळ्यात कठीण काम त्यांचंच आहे, पण मी त्यातली असल्याने माझ्या मताला किती किंमत द्यायची ते तुम्ही ठरवा.

शिक्षणाचं थोडक्यात. डिझाइनला आयआयटी मुंबईचं डिझाइन स्कूल आयडीसी आणि अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था एनआयडी ही जुनी, मानाची ठिकाणं. आयआयटीसाठी बारावीनंतर यूसीड, पदवीनंतर सीड ही परीक्षा. एनआयडीची स्वतःची वेगळी. आपल्याकडच्या अप्लाइड आर्टच्या कॉलेजांमधूनही पुष्कळ जण येतात, मी तशीच आले. डेव्हलपमेंटला इंजिनिअरिंग किंवा एमसीए, आणि पुण्यात सीडॅक या सरकारी संगणक संस्थेचा सहा महिन्यांचा पीजी-डॅक कोर्स, ज्याने कित्येक खेड्यापाड्यांतल्या पोरांना पहिली नोकरी मिळवून दिली. डिझायनरला मुलाखतीत पदवीपेक्षा पोर्टफोलिओ, म्हणजे केलेल्या कामांचा संग्रह, मागतात. त्यात आता नुसती चित्रं चालत नाहीत, हे असंच का केलं याची गोष्ट लागते. शिवाय 'छोटीशी असाइनमेंट' म्हणून आपल्याच प्रॉडक्टचं अख्खं पान फुकट काढून घेणारे महाभाग असतात. माझ्याकडून असं पान काढून घेऊन एका कंपनीने पुढे उत्तरही दिलं नाही. डेव्हलपरला मुलाखतीत अल्गोरिदमची कोडी घालतात, ज्यातलं नव्याण्णव टक्के नोकरीत पुन्हा भेटत नाही. दोन्हीकडे पद्धत सदोष, पण डेव्हलपरचं कोडं निदान कोणी चोरून विकत नाही.

आणि एआय. यावर रोज कोणी ना कोणी कीर्तन करतो, मी दोनच गोष्टी सांगते. एक, तयार डिझाइनचं एचटीएमएल करून देणं हे काम, ज्यावर माझ्यासारख्या कितीतरी जणी शिकल्या आणि ज्यावर घरभाडं भरलं, ते यंत्र आता मिनिटात करतं. बॅनरची दहा मापं काढण्याचं डिझाइनकडचं हमालीचं कामही तसंच. म्हणजे दोन्ही शिड्यांची सगळ्यात खालची पायरी गेली आहे आणि नव्या पोरांनी चढायचं कुठून, याचं उत्तर कंपन्यांकडे नाही. दुसरी गोष्ट अशी की छोट्या दुकानदाराची पाच पानांची साइट हे फ्रीलान्सचं जुनं गिऱ्हाईक एआयच्या आधीच गेलं होतं. इस्लामपूरच्या साडीच्या दुकानाला इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस पुरतं. त्याला साइट नकोच आहे. त्यामुळे 'कोर्स करून घरबसल्या साइट बनवून कमवा' अशा जाहिराती दिसल्या की समजावं, कमावणारा क्लासवाला आहे.

मग फोनवर मी काय सांगते? मुलाला किंवा मुलीला एक काम द्यायला सांगते. जवळच्या एसटी स्टँडवर जायचं, चौकशीच्या खिडकीपाशी तासभर उभं राहून लोक काय विचारतात ते ऐकायचं, आणि फोनवर चालेल असं गाड्यांच्या वेळांचं एक पान करायचं. आधी फिग्मात काढायचं, मग हाताने एचटीएमएल आणि पानाचं रूप ठरवणारं सीएसएस लिहून चालतं करायचं. फिग्माची फुकट आवृत्ती एवढ्याला पुरते, आणि शिकायला एमडीएन या वेब शिकवणाऱ्या साइटची पानं आहेत, तीही फुकट. एआयला विचारलं तरी हरकत नाही, फक्त त्याने दिलेली प्रत्येक ओळ समजावून सांगता आली पाहिजे. पान झालं की ते घरातल्या चार माणसांना दाखवायचं आणि प्रत्येकाने सुचवलेला बदल ऐकून घ्यायचा. आजी म्हणेल अक्षर मोठं कर, मामा म्हणेल गाडीचं चित्र टाक. त्यातलं कुठलं बरोबर आणि का, हे ठरवताना मजा आली तर डिझाइन. आणि मामा बोलत असताना लक्ष सगळं, साताऱ्याची शेवटची गाडी रात्री बारानंतरची असल्याने यादीत सगळ्यात वर का येतेय, याकडेच असेल तर डेव्हलपमेंट.

क्लासची फी त्याआधी भरू नये. बऱ्याच ठिकाणी ती परत मिळत नाही.